देण्याघेण्याचे टी-शर्ट

बीडच्या कापड दुकानांत साड्यांचे दोन ढीग असतात. दारात बाई दिसली की दुकानदार आधी विचारतो, "नेसायची दाखवू, का देण्याघेण्याची?" देण्याघेण्याची साडी कुणी नेसत नाही. ती एका लग्नात मिळते, पिशवीतून न निघताच दुसऱ्या लग्नात दिली जाते, आणि काही वर्षांनी घडीवर पिवळी रेघ घेऊन एखादे वेळी मूळ देणारीच्याच घरी परत येते. माझ्या आईकडे अशी एक जांभळी साडी परत आली होती. आईने ती पदरावरच्या बुट्ट्यांवरून लगेच ओळखली. तिला राग आला नाही. "लई फिरून आली बाई," म्हणाली, आणि कपाटातल्या देण्याघेण्याच्या ढिगावर तिला पुन्हा ठेवून दिलं.

पुढे मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात गेले, पुण्यात आणि बंगळूरला बरीच वर्षं काढली, आणि तिथल्या मेळाव्यांत मला टी-शर्ट मिळू लागले. ते कोणत्या ढिगातले, हे ओळखायला मला वेळ लागला नाही. आईचं कपाट पाहिलेलं होतं.

ज्यांनी हे मेळावे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. एखाद्या कंपनीला वाटतं, आपलं नवं साधन प्रोग्रॅमर लोकांनी वापरावं. आपण जाहिरातींना भुलत नाही असा प्रोग्रॅमर लोकांचा स्वतःबद्दल समज असतो. म्हणून कंपनी मोठ्या हॉटेलात त्यांचं संमेलन भरवते. अंधार करते, धूर सोडते, ढोल वाजवते. पांढऱ्या बुटांतला एक माणूस धावत मंचावर येतो आणि कालपर्यंत जे तीन बटणं दाबून होत होतं ते आता एका बटणात होईल, असं सांगतो. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. बाहेर टेबलं मांडलेली असतात. तिथे गळ्यातलं कार्ड पुढे करायचं. ते मशीनने टिपून घेतात, म्हणजे तुमचं नाव, हुद्दा, फोन नंबर त्यांच्याकडे गेला, आणि बदल्यात तुम्हाला मोजे देतात. हो, मोजे. घोट्यावर कंपनीचं चिन्ह. चांगला पगार घेणारी जाणती माणसं त्या मोज्यांसाठी रांगेत उभी असतात. लॅपटॉपच्या पाठीवर चिकटवायचे स्टिकर निवडताना त्यांच्या चेहऱ्यावर जे गांभीर्य येतं, ते मी एरवी फक्त सराफाच्या दुकानात पाहिलं आहे.

टी-शर्ट नेहमी मोठ्या मापाचे. पहिल्यांदा मी विचारलं, बायकांच्या मापाचा आहे का? टेबलामागची मुलगी गोड हसली. "हा सगळ्यांना चालतो, मॅम." सगळ्यांना चालतो म्हणजे पुरुषांना होतो. तरी मी घेतला. रांगेबाहेर उभं राहून हसायला मला कुणी वेगळी जागा दिलेली नव्हती.

हे सामान सुट्टीत बीडला यायचं. कापडी पिशव्यांत आई तूरडाळ भरायची. एका स्टिकरने आमच्या पाण्याच्या मोटारीच्या डब्यावरची भेग झाकली. टी-शर्ट शेजारच्या काकांना गेले. काका जन्मभर ट्रकवर ड्रायव्हर होते. आता घरी असतात आणि रोज सकाळी बसस्टँडपर्यंत फिरून येतात. त्यांना दिलेल्या एका टी-शर्टावर आमच्या धंद्यातला जुना विनोद इंग्रजीत छापला होता. त्यांनी अर्थ विचारला.

"माझ्या मशीनवर तर चालतंय," मी सांगितलं.

"म्हंजे?"

"म्हणजे गिऱ्हाईक म्हणतं बंद पडलं, आणि बनवणारा म्हणतो माझ्याकडे तर चालू होतं."

काका डोळे पुसेपर्यंत हसले. "आगं, हे तर मांजरसुंब्याच्या गॅरेजवाल्याचं वाक्य हाय! जन्मभर हेच ऐकवलं त्यानं मला." तो टी-शर्ट त्यांनी विटेपर्यंत घातला. छातीवरचा मजकूर पटला म्हणून टी-शर्ट घालणारा माझ्या माहितीतला तो एकच माणूस.

घरी बसूनही काम होतं हे कंपन्यांना पटलं तेव्हा मी बीडला परत आले आणि आईच्या घरी माडीवर टेबल मांडलं. काम होत होतं, पण अडल्यावर विचारायला कुणी नव्हतं. पॉलिटेक्निकमध्ये शिकवणारे एक सर ओळखीचे झाले. त्यांचंही तेच दुखणं होतं. आम्ही दोघांनी दर रविवारी सकाळी विहारामागच्या अभ्यासिकेत बसायचं ठरवलं. हळूहळू खोली भरू लागली. गेवराईहून एकजण मोटारसायकलवर यायचा. तो दुकानदारांसाठी छोटी छोटी ॲप बनवायचा. नांदूरघाटची एक मुलगी मांजरसुंब्याला गाडी बदलून यायची. आसपासच्या गावांतल्या दूध संकलन केंद्रांचं ॲप ती एकटी सांभाळत होती.

आम्ही याला रविवारची बैठक म्हणायचो, त्यापलीकडे नाव नव्हतं. पद्धत एकच. ज्याचं अडलं असेल त्याने आपला प्रश्न फळ्यावर लिहायचा आणि तो सुटेपर्यंत सगळ्यांनी त्याच्याशी झगडायचं. स्वागत नाही, प्रास्ताविक नाही, शाल नाही, नारळ नाही. आमच्या जिल्ह्यात दहा माणसं एका खोलीत जमली आणि कुणाचाच सत्कार झाला नाही, तर बाहेरच्यांना शंका येते. गल्लीतल्या एका पुढाऱ्याने सरांना रस्त्यात अडवून विचारलं होतं, "सर, तुमच्या मंडळाचा अध्यक्ष कोण हाय?"

"कुणी न्हाई."

"अध्यक्ष न्हाई? मंग भांडता कशावरून?"

अभ्यासिकेत फुकट मिळणारी एकच वस्तू होती, वह्या. जयंतीला हार-फुलं आणण्यापेक्षा वही आणि पेन आणावं, ही रीत आमच्या वस्तीत आता मुरली आहे. त्या वह्या रॅकवर ठेवलेल्या असतात. ज्याला लागेल त्याने घ्यावी, भरली की दुसरी घ्यावी. आणणाऱ्याचं नाव त्यावर नसतं. आपली वही कोण वापरतं आहे हे बघायलाही कुणी येत नाही. यात काही विशेष आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

अशात एका कंपनीचा मेल आला. कंपनी मोठी, तिचं साधन आमच्यातले काहीजण वापरतही होते. तिला म्हणे लहान शहरांतल्या गुणवत्तेपर्यंत पोहोचायचं होतं. पुण्याच्या एका माणसाचा फोन आला. आवाज आर्जवी, मराठी स्वच्छ. एका रविवारी ते येतील, टी-शर्ट, बाटल्या, पिशव्या वाटतील, सगळ्यांना जेवण देतील. पुढेही दर महिन्याला काही ना काही पाठवतील. बदल्यात फारसं काही नको. बैठकीच्या नावात कंपनीचं नाव असावं. येणाऱ्यांचे फोन नंबर मिळावेत. आणि महिन्याचे विषय तिकडून येतील, म्हणजे आम्हाला डोकं चालवायचा त्रास नको.

नावाचं मला फार वाटलं नाही, नाव नव्हतंच. विषय तिकडून येतील, हे मात्र घशाखाली उतरेना. फळ्यावर प्रश्न कुणाचा, एवढ्यावरच तर आमची बैठक उभी होती. तो प्रश्न पुण्याहून यायचा, तर मग उरलं काय? खोली आणि खुर्च्या.

पुढच्या रविवारी मी हे सगळं मांडलं आणि म्हटलं, नको.

"कावून नको?" गेवराईवाला म्हणाला. "फुकट देयलेत तर घ्यायचं."

"फुकट नाही देत ते."

तेव्हा नांदूरघाटची मुलगी बोलली. ती एरवी कमी बोलायची. "ताई, तुमच्या घरी कपाटभर हायत. तुमी नको म्हणलं तर तुमचं काय जातंय? आमच्या कॉलेजात पुण्याची पोरं असले टी-शर्ट घालून यायची. आमी लांबून वाचायचो, काय लिवलंय म्हणून. आमाला एक बी कुणी दिला न्हाई."

टी-शर्टांना विटलेली बाई आणि तो कधीच न मिळालेली मुलगी, यांच्यात तत्त्व कुणाच्या बाजूला आहे हे ठरवणं सोपं नव्हतं. मला हवी ती गोष्ट मला मिळून गेली होती, आणि आता मी दुसऱ्यांना सांगत होते की तिच्यात काही अर्थ नाही.

सरांनी मध्यस्थी केली. "येऊ तर द्या त्यांना. बाकीचं मागून बघू." आमच्याकडे 'मागून बघू' म्हणजे आत्ताच होकार. मी पुण्याच्या माणसाला फोन करून कळवलं की या, पण नाव आणि विषय यांचं काही ठरलेलं नाही. "अर्थातच, अर्थातच," तो म्हणाला. दोनदा म्हटलेलं 'अर्थातच' मी पुण्यात पुष्कळ ऐकलं आहे.

ते येणार होते त्या रविवारी फळ्याची पाळी नांदूरघाटच्या मुलीची होती. तिचा प्रश्न महिनाभर तिला छळत होता. डेअरीवरचा माणूस दुधाची नोंद करतो, तेवढ्यात रेंज जाते. तो पुन्हा बटण दाबतो. रेंज आली की एकाच म्हशीचं दूध दोनदा लागतं. दूध घालणारा खूश, डेअरीवाला बेजार, आणि दोघांचेही फोन हिला. कार्यक्रम झाला की शेवटी तिचा प्रश्न घेऊ, असं ठरलं.

सकाळी लवकर पोहोचायचं म्हणून ती शनिवारीच आमच्या घरी मुक्कामाला आली. जेवताना आईने चौकशी केली.

"काय काय आणणारेत म्हणे ते लोक?"

"टी-शर्ट, बाटल्या, पिशव्या," मी म्हटलं.

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"मंग तुमी त्येंना काय देणार?"

"काही नाही. जाहिरात असते ती, आई."

"जाहिरात टीव्हीवर असती," आई म्हणाली. "माणूस दारी येऊन अंगावर कापड घालायलाय, त्याला आहेर म्हणत्यात. घेतला आन गप बसलात, तर त्येंचं तुमच्यावर राहतं. मंग ते म्हणतील तसं वागावं लागतं. जागच्या जागी फेडून टाकायचं."

मुलीला हसू आवरेना. "मावशी, कंपनीला टोपी घालायची म्हणता?"

"घालायची. डोक्यावर. आन टॉवेल खांद्यावर."

मीही हसले. छप्पन्नच्या धर्मांतरात माझ्या आजोबांनी देव सोडले, सण सोडले, गावकीची कामं सोडली, आणि त्यातलं काहीही परत घरात येऊ दिलं नाही. आहेर मात्र आमच्यात कुणालाच सोडता आला नाही. नव्या पत्रिकांवर छापतात, कृपया आहेर आणू नये. लोक ते वाचतात आणि आहेर घेऊन येतात. न आणणाऱ्याचं नाव मात्र लक्षात राहतं. दोन आहेरांतली बरोबरी राखणं ही आमच्या घरातली सगळ्यात अवघड विद्या आहे, आणि आई तिची पंडिता. त्या रात्री मात्र मी तिचं बोलणं कौतुकाने ऐकलं आणि सोडून दिलं. माझ्या डोक्यात सकाळी करायचं छोटेखानी भाषण घोळत होतं, सभ्य नकाराचं.

सकाळी अभ्यासिकेत पोहोचल्यावर मुलीने आधी फळ्यावर स्वच्छ अक्षरात प्रश्न लिहिला. नंतर कंपनीची गाडी आली. पुण्याचा माणूस, त्याच्याबरोबर बंगळूरची एक तरतरीत सहकारी, आणि सामान उतरवणारी माणसं. त्यांनी उभे फलक रोवले, फोटो काढायची चौकट लावली आणि एक लांबरुंद फ्लेक्स आणलं. खिळे फक्त फळ्याच्या वर होते. त्यांनी फ्लेक्स तिथे टांगलं. फळा झाकला गेला. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होणार, इतक्यात बाहेर गलका झाला.

झालं असं होतं की निमंत्रणाचा मेसेज सरांनी लिहिला होता. सरांनी लग्नाच्या पत्रिका पुष्कळ लिहिल्या आहेत. मेसेजच्या शेवटी त्यांनी सवयीने लिहिलं, 'सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी'. आमच्याकडे निमंत्रण एकाला असलं तरी जायचं घराने असतं, त्यात मेसेजनेच परवानगी दिलेली. त्यामुळे डेव्हलपर लोकांबरोबर त्यांचे आईवडील, आजोबा, चुलत्या, लहान भावंडं अशी सगळी शोभा वाढवायला आली होती. बायकांनी चांगल्या साड्या नेसल्या होत्या.

"सर, हे काय केलंत?" मी विचारलं.

"निमंत्रण म्हणलं की हाताला ते आपोआप येतंय," सर कानकोंडे होऊन म्हणाले.

पुण्याचा माणूस मात्र हरखला. इतकी गर्दी त्याने लहान शहरात पाहिली नव्हती. टेबलासमोर रांग लागली. फोनवर माहिती भरायची, मग टी-शर्ट. वडीलधारी माणसं पुढे आणि ज्यांच्यासाठी सगळं होतं ती पोरं रीतीप्रमाणे मागे. शेजारचे काका सगळ्यांत पुढे. बंगळूरच्या मुलीने त्यांना हिंदीत विचारलं, अनुभव किती वर्षांचा?

"लिखो, चालीस बरस," काका म्हणाले. "एक भी ॲक्सिडेंट नहीं."

तिने आदराने त्यांच्याकडे पाहिलं आणि लिहिलं.

पोरांची पाळी येईपर्यंत खोकी संपत आली होती. मुलीला शेवटच्यांतला एक मिळाला, तिच्या गुडघ्यांपर्यंत येणारा. तिने तो लगेच कुडत्यावर चढवला आणि हाताने छातीवरची घडी सरळ केली. तिला तो शोभत नव्हता आणि ती खूश होती. या दोन्ही गोष्टी मी पाहिल्या. गेवराईवाल्याला काहीच मिळालं नाही.

"आमचा टी-शर्ट कुणाच्या आज्यानं नेला बे?" तो रांगेतल्या मित्रावर ओरडला.

"तुझ्याच," मित्र म्हणाला. खरोखरच खिडकीपाशी त्याचे आजोबा धोतरावर टी-शर्ट घालून बाटलीचं झाकण उघडायचा प्रयत्न करत बसले होते.

मग पांढऱ्या पडद्यावर चित्रं दाखवून झाली. कालपर्यंत तीन बटणांत होणारं आता एका बटणात कसं होईल, तेही सांगून झालं. टाळ्या पडल्या. आमचे लोक टाळ्यांना कधी कमी करत नाहीत. आता मला बोलायला सांगतील आणि मी माझं सभ्य भाषण करीन, अशी माझी समजूत होती. पुण्याच्या माणसाने माइक सोडलाच नाही.

"मला सांगायला अत्यंत आनंद होतो," तो म्हणाला, "की आजपासून बीडची ही कम्युनिटी आमच्या परिवाराचा भाग होत आहे. नवं नाव मागे तुम्ही पाहताच आहात. पुढच्या महिन्याचा विषयही आम्ही घेऊन आलो आहोत. ताईंना विनंती करतो की त्यांनी मंचावर येऊन सन्मानचिन्ह स्वीकारावं."

मी मागे पाहिलं. फ्लेक्सवर कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात बीड लिहिलेलं होतं. सकाळपासून ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. सर जमिनीकडे बघत होते. फोटोवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला. नाही म्हणायचं तर भरलेल्या खोलीत, पाहुण्यांच्या तोंडावर, त्यांचंच कापड अंगावर घातलेल्या माणसांसमोर. मी जागची उठले. माझ्या सभ्य भाषणाचं पहिलं वाक्यसुद्धा मला आठवेना.

तेव्हा नांदूरघाटची मुलगी उठली. ती सरळ माझ्या आईपाशी गेली. आई दुसऱ्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. पिशवी तिने घरून आणली होती, आणि मला वाटलं होतं डबा असेल. मुलीने पिशवी घेतली, पुढे आली आणि पुण्याच्या माणसापुढे माइकसाठी हात केला. माणूस चांगल्या घरचा होता, त्याने दिला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "आहेर झाला. आता परतीचा आहेर."

खोलीला लगेच समजलं. पाहुण्यांना समजलं नाही, पण आमच्यातल्या दोघांनी दोन खुर्च्या पुढे ओढल्या, तिघांनी त्यांना आग्रहाने बसवलं, आणि आमच्याकडे आग्रहाने बसवलेला माणूस उठू शकत नाही. लग्नात माइकवरून आहेर पुकारतात तशी मुलगी पुकारू लागली. "रविवारच्या बैठकीकडून, पुण्याच्या पाहुण्यांना, टॉवेल-टोपी आन शर्टपीस!" काकांनी पुढे होऊन टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि टॉवेल खांद्यावर टाकला. टाळ्या. "बंगळूरच्या पाहुण्या ताईंना, साडी आन झंपरपीस!" आईने उठून स्वतःच्या हाताने तिच्या ओटीत साडी घातली. जांभळी. पदरावर बुट्ट्या. मी ती घडी ओळखली आणि खाली मान घातली. सामान उतरवणाऱ्यांनाही टोप्या मिळाल्या. आईचा हिशेब कधी चुकत नाही.

पुण्याचा माणूस खरोखर भारावला होता. "काय प्रेम आहे हो तुमच्याकडे," तो टोपी सारखी करत म्हणाला. "या प्रेमातच आता आपण ही नवी सुरुवात—"

"दादा, ऐका की," मुलगी म्हणाली. माइक अजून तिच्याकडेच होता. "तुमी आहेर केला, आमी परत केला. बराबर झालं. आता तुमचं आमच्यावर न्हाई, आमचं तुमच्यावर न्हाई. बैठकीचं नाव हाय तेच राहील. आन फळ्यावर काय लिवायचं ते आमीच ठरवणार."

तो क्षणभर हसतच राहिला. मग त्याला अर्थ लागला. "पण तुमच्या अंगात आमचाच टी-शर्ट आहे," तो म्हणाला. वाईट हेतूने म्हणाला नाही, त्याला खरंच कळत नव्हतं.

"मंग?" तिने स्वतःच्या छातीवरच्या अक्षरांकडे पाहिलं. "आवडला म्हणून घातला. टी-शर्ट घातला म्हणून काय सोयरीक झाली का?"

खोली अशी हसली की कॅमेरावाला कॅमेरा खाली घेऊन हसू लागला. सन्मानचिन्ह टेबलावरच राहिलं. मलाही काही बोलावंसं वाटलं, पण बोलण्यासारखं तिने काही शिल्लक ठेवलं नव्हतं. मी फळ्यापाशी गेले, फ्लेक्सचं एक टोक खिळ्यावरून काढलं. दुसरं टोक सरांनी काढलं, आणि त्याबद्दल मी त्यांचं 'मागून बघू' विसरायला तयार आहे. मागचा प्रश्न तसाच होता. रेंज गेल्यावर एकाच दुधाची नोंद दोनदा का लागते?

मुलीने माइक ठेवला, खडू घेतला आणि आकृती काढू लागली. बायामाणसं जेवणाच्या पंगतीकडे गेली. आम्ही नेहमीचे लोक खुर्च्या पुढे ओढून बसलो. पुण्याचा माणूस आता निघेल असं मला वाटलं. तो काही वेळ उभा राहिला, मग मागच्या खुर्चीवर बसला. टोपी डोक्यावरच होती. बऱ्याच वेळाने त्याने हात वर केला. "मीही आधी हेच काम करायचो," तो म्हणाला. "प्रत्येक नोंदीला फोनवरच एक ओळखक्रमांक दिला तर? बटण कितीदा दाबलं तरी क्रमांक तोच राहील, मग दुसरी नोंद आली की सर्व्हर ती घेणार नाही." गेवराईवाला म्हणाला की डेअरीवाला ॲप बंद करून परत उघडतो, मग क्रमांक कुठे राहील? त्यावर दोघे भांडू लागले. त्या माणसाचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदाच छापील वाटत नव्हता. त्याच्या कंपनीच्या साधनाचं नाव त्या भांडणात एकदाही निघालं नाही.

प्रश्न त्या दिवशी सुटला नाही. पाहुणे संध्याकाळच्या आत निघून गेले.

कंपनीने नंतर तिच्या पानावर फोटो टाकला. टोप्या घातलेले पाहुणे, मागे आम्ही, खाली लिहिलेलं की बीडमध्ये अभूतपूर्व प्रतिसाद मिळाला. प्रतिसाद कसला, ते लिहिलेलं नव्हतं. मी दुरुस्ती पाठवली नाही. काकांना अजून त्यांचे फोन येतात. सर्व्हरचं काय चाललंय विचारतात. "माझ्याकडं तर चालू हाय," म्हणून काका फोन ठेवून देतात.

बंगळूरच्या मुलीने मला एक फोटो पाठवला. कुठल्यातरी सणाला ती जांभळी साडी नेसली होती, घडीची पिवळी रेघ निऱ्यांत नीट लपवून. मी आईला दाखवला. आईने फोन जवळ घेऊन बराच वेळ पाहिला. इतकी लग्नं फिरलेली ती साडी पहिल्यांदाच कुणीतरी नेसली होती.

"येडी पोरगी," आई म्हणाली. "नेसायची नव्हती गं ती." मग फोन परत देत, "आधी कळलं असतं तर चांगली दिली असती."

फ्लेक्स ते लोक विसरून गेले होते. पुढच्या रविवारी खुर्च्या कमी पडल्या, कारण आदल्या रविवारची गोष्ट गावात पसरून नवी माणसं आली होती. गेवराईवाल्याने फ्लेक्स उचललं आणि जमिनीवर अंथरू लागला.

"उलटं घाल," नांदूरघाटची मुलगी म्हणाली. तिने तोच टी-शर्ट घातला होता. आता बाह्या दुमडून आणि खालून आत घेऊन तो तिला बराचसा होत होता. "नाव खाली जाऊ दी. पाहुण्यांचं हाय, त्यावर पाय कावून द्यायचा?"

त्याने उलटं घातलं. आम्ही पांढऱ्या बाजूवर बसलो आणि तिने खडू उचलला.